चौसष्ट जण दाराबाहेर

फिरदोस नदाफचं काम असं, की ते मन लावून केलं तर ऑफिसातले चिडतात आणि नाही केलं तर बाहेरचे. ती टेस्टर. सात रस्त्याजवळ, चादरीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला, अकरा माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिथं उदयसिंह प्रोग्रॅम लिहितो आणि फिरदोस त्यात खोट काढते. आता तुम्हीच सांगा, आपल्या लेकरात रोज उठून खोट काढणारी बाई कुणाला गोड लागेल? त्यात उदयसिंहची मान आधीच ताठ. माढ्याकडचा गडी, हुशार, दहा वर्षं पुण्यात काढून आलेला. मनानं चांगला होता हो. पण आपलं काही चुकलं असेल, हे त्याच्या डोक्यात सहसा यायचंच नाही.

त्या दिवशी महिन्याची तीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी, एक तारखेला सकाळी आठ वाजता, भीमेकाठच्या एका सहकारी कारखान्याचं ऊसनोंदणीचं पोर्टल उघडायचं होतं. यंदापासून शेतकऱ्यानं कागद घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. सभासद नंबर टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो तो टाकायचा, लॉगिन व्हायचं आणि उसाची नोंद करायची. ज्याची नोंद आधी, त्याची तोड आधी. म्हणजे आठाला एक मिनिट झालं, की अख्खा तालुका त्या दारावर लोटणार. हे सांगायला काही ज्योतिषी नको.

एवढी गर्दी पोर्टलला झेपते का, ते आधी बघून घेतात. त्याला लोड टेस्टिंग म्हणतात. खरी माणसं लागत नाहीत. फिरदोसच्या कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम हजार शेतकऱ्यांचं सोंग घ्यायचा आणि दहा मिनिटांत हजार वेळा लॉगिन करायचा. आठवडाभर ती हे सोंग नाचवत होती. आणि आठवडाभर हजारातले साठ-पासष्ट जण दाराबाहेर राहत होते. कालच्या फेरीत चौसष्ट. सगळ्यांचं एकच रडगाणं, 'ओटीपी चुकीचा आहे'. बरं, त्यातलाच एखादा पुन्हा एकटा पाठवला, की गपगुमान आत! एकेकटं कुणी अडकत नाही, गर्दीत अडकतात, आणि दर फेरीला वेगळेच. घरी रात्रभर कण्हणारं माणूस डॉक्टरसमोर ठणठणीत बसतं ना, तसला प्रकार.

उदयसिंहनं आधी सर्व्हरची ताकद दुप्पट केली. बासष्ट पडले. मग चौपट केली. सहासष्ट पडले. मग त्यानं हात झटकले.

"सर्व्हर ठणठणीत आहे," तो राजशेखर सरांसमोर म्हणाला, "हिची टेस्टच चुकतीय. माझ्या टेस्टला हजारच्या हजार आत जातात. मी स्वच्छ यादी वापरतो, मीच बनवलेली, एक ते हजार. हिनं कारखान्याची खरी यादी घेतलीय, अकरा हजार नावांची. आणि वर ओटीपी आल्यावर पंधरा सेकंद थांबते! अरे, सहा आकडे टाकायला पंधरा सेकंद कुणाला लागतात?"

"माझ्या अब्बांना लागतात," फिरदोस म्हणाली. "आधी चष्मा शोधतात. मग मोबाइल लांब धरतात. मग मला हाक मारतात."

ऑफिस खो-खो हसलं. उदयसिंह हसला नाही.

राजशेखर सर कंपनीचे मालक. अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. चिडले की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा, आणि ते जास्त वाईट असायचं. त्यांचा आवाज आता पार टेबलाखाली गेला होता.

"फिरदोस, आज पाच वाजता कारखान्याला अहवाल जायचाय. पाचच्या आत चूक कुठं आहे ते दाखव. नाही दाखवता आली, तर उदयसिंहच्या टेस्टवर मी हिरवा शेरा देणार. आणि इथून पुढं टेस्टिंग पुण्याच्या कंपनीकडं. तू परत हेल्पलाइनवर बस."

हेल्पलाइन म्हणजे खालच्या खोलीत कानाला हेडफोन लावून दिवसभर 'पासवर्ड विसरलो'ला उत्तरं द्यायची. काम वाईट नाही, कुणीतरी करायलाच हवं. फिरदोसनं ते तीन वर्षं केलं होतं. पण घरी बसून टेस्टिंग शिकून, सरांच्या मागं लागून, हट्टानं तिनं ही वरची खुर्ची मिळवली होती. ती जाणार, हे एक दुःख. आणि टेस्ट येत नाही म्हणून जाणार, हे त्याच्या दसपट. कारण टेस्ट तिला येत होती! तिला शंभर टक्के खात्री होती, की ते चौसष्ट जण खरे आहेत. नुसत्या खात्रीला कोण विचारतो म्हणा.

"दाखवते," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.  

पोर्टलवर कोण कधी आलं, काय टाकलं, ह्याची ओळन् ओळ आपोआप लिहून ठेवली जाते. पाच फेऱ्यांच्या मिळून तीनशेच्या वर पडलेल्यांच्या ओळी तिनं काढल्या. गावावरून लावून बघितल्या. आडनावावरून लावल्या. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. दहा मिनिटांतल्या कुठल्या मिनिटाला पडले तेही बघितलं. काहीच जुळेना. बारा वाजले. साडेबारा वाजले. उदयसिंह पाणी प्यायच्या निमित्तानं दोनदा मागून जाऊन आला. 

एकच्या सुमाराला तिनं डबा उघडला. एका हातात भाकरी-चटणी, दुसरा हात माउसवर. आणि घास चावता चावता तिच्या एकदम ध्यानात आलं, की आपण पडलेल्यांचीच हजेरी घेत बसलोय. माणूस ओटीपी मागतो ती एक ओळ, आणि पंधरा सेकंदांनी टाकतो ती दुसरी ओळ. ह्या दोन ओळींच्या मध्ये, त्या पंधरा सेकंदांत, दारावर दुसरं कोण आलं होतं? ते तर आपण बघितलंच नाही!

तिनं पहिला पडलेला माणूस घेतला. दोन ओळींच्या मध्ये आणखी चोवीस माणसं आलेली. नावं वेगळी, सभासद नंबर वेगळे. मोबाइल नंबर पूर्ण दिसायचा नाही, सहा फुल्या आणि शेवटचे चार आकडे. पडलेल्याच्या नावापुढं ४४१७. खाली चोविसात बघते तर एका बाईच्या नावापुढंही ४४१७.

दुसरा पडलेला घेतला. त्याचे ९०६२. मध्येच दुसरा एक ९०६२. तिसऱ्याचं तेच. चौथा पुन्हा ४४१७!

भाकरी तशीच राहिली. तिनं मूळ यादी उघडली आणि ४४१७चा पूर्ण नंबर शोधला. दोनशे बारा सभासदांपुढं हा एकच मोबाइल नंबर होता. दोनशे बारा! ९०६२च्या नावावर एकशे ऐंशी. तीन वाजेपर्यंत असे पंधरा-वीस नंबर निघाले, आणि त्यांच्या पदराखाली अर्धा-अर्धा गाव.

आता कुणीही आधी सरांकडं धावलं असतं. फिरदोस धावली नाही. तिनं सरळ त्या नंबरला फोन लावला.

"हॅलो, रामहरी काळे बोलताय का?"

"न्हाय, पर सांगा की. निरोप देतो त्येंला."

"मग मथुराबाई गवळी?"

"त्याबी हितल्याच. सांगा."

"आणि आपण कोण?"

"मी ज्ञानबा. कारखान्याचा चिटबॉय."

चिटबॉय म्हणजे कारखान्याचा गावातला माणूस. ऊस बघायचा, नोंदी घ्यायच्या, तोडीची चिठ्ठी पोचवायची. नावात बॉय असलं तरी ज्ञानबाचं वय पंचावन्न होतं आणि दोन नातवंडं होती, हे त्यानं न विचारताच सांगून टाकलं.

"काका, दोनशे बारा लोकांच्या फॉर्मवर तुमचा नंबर कसा?"

"मग काय करायचं म्याडम? फॉर्मवर मोबाइल नंबर पायजेच म्हनं. म्हाताऱ्या मानसांकडं फोन न्हाय. ज्येंच्याकडं हाय त्ये सिम बदलत्यात. मेसेज आला तर वाचता येत न्हाय. नंबराबिगर कागद अडकला असता की. म्हनलं, घाला माझा! तसंबी समदे निरोप माझ्याच फोनवर येत्यात. आजूबाजूच्या गावांतबी तसंच हाय. ज्यो त्यो चिटबॉय आपलाच नंबर घालतोय."

फिरदोसला हसावं का ह्या माणसाच्या पाया पडावं कळेना. आठवडाभर सर्व्हरची ताकद चौपट करून जे सापडलं नाही, ते ज्ञानबानं दोन मिनिटांत सांगितलं होतं. एका नंबरावर दोन माणसं पाठोपाठ आली, की दुसऱ्याचा ओटीपी पहिल्याच्या ओटीपीला खाऊन टाकतो. पोर्टल ओटीपी जपून ठेवत होतं ते मोबाइलच्या नावानं, माणसाच्या नावानं नाहीच! उदयसिंहच्या यादीत हजार माणसांना हजार नंबर. तिथं कोण कुणाला खाणार?

ती उठली आणि सरांच्या केबिनमध्ये गेली. उदयसिंह तिथंच होता. तिनं सगळं सांगितलं, यादी दाखवली, ओळी दाखवल्या. उदयसिंहनं मान डोलावली, आणि तिला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय!

"म्हणजे मी म्हणत होतो तेच," तो म्हणाला. "डेटा घाण आहे. एका माणसाला एक नंबर पाहिजे. चूक कारखान्याची, आपल्या प्रोग्रॅमची नाही. यादीतले हे नंबर बदल, सगळ्यांना वेगवेगळे दे, आणि टेस्ट लाव. हजारच्या हजार आत."

राजशेखर सरांनी घड्याळ बघितलं. साडेतीन होत आले होते. "जमेल का तेवढ्यात?" त्यांनी विचारलं.

जमलं असतं की. दहा मिनिटांचं काम. यादी बदलायची, बटण दाबायचं, सगळं हिरवं, खुर्ची शाबूत, उदयसिंहही खूश. फिरदोसच्या मनात ते आलं नाही असं नाही. पण तिला फोनवरचा तो आवाज ऐकू येत होता, सांगा की, निरोप देतो म्हणणारा. आणि तिचं डोकंच फिरलं.

"सर, टेस्टमधली यादी मी बदलीन. उद्या सकाळी गावातली कोण बदलणार? ज्ञानबाकाकाच्या भोवती दोनशे माणसं बसणार आहेत. ती काय घाण आहेत?"

"आवाज..." सर म्हणाले.

"आवाज राहू द्या सर, पाच मिनिटं द्या. टेस्टच्या पोर्टलवर खरे मेसेज चालू करा, पाचच मिनिटं. मी सोंग बंद करते. खरी माणसं दाखवते."

सरांनी तिच्याकडं बघितलं, उदयसिंहकडं बघितलं आणि म्हणाले, "कर चालू."

फिरदोसनं ज्ञानबाला पुन्हा फोन लावला आणि स्पीकर टाकला. ज्ञानबा बसायचा त्या कारखान्याच्या गावातल्या गट ऑफिसात कॉम्प्युटर किती, तर दोन. सभासद कोणी आहेत का, तर आहेत की, उद्याचं कसं करायचं बघायला रामहरी आणि मथुराबाई दोघंही येऊन बसलेत. तिनं एकाला एका कॉम्प्युटरवर बसवलं, दुसरीला दुसऱ्या. आधी मथुराबाईंनी नंबर टाकायचा, लगेच रामहरींनी. ज्ञानबाच्या फोनवर दोन मेसेज आले, टुंग टुंग, ते केबिनमध्येही ऐकू आलं.

"पहिला मथुराबाईंचा, दुसरा रामहरींचा. टाका," फिरदोस म्हणाली.

 मग ज्ञानबा बोलला. "रामहरी आत गेला म्याडम. मथुराबाईला चुकीचा म्हनतंय."

मागून एक ठसक्यातला आवाज आला. "चुकीचा कसा? मी बराबर टाकलाय की! चार येळा बघून टाकलाय!"

"आता उलटं करा. आधी रामहरी, मग मथुराबाई."

पुन्हा टुंग टुंग. 

"आता मथुराबाई आत अन् रामहरी भाईर," ज्ञानबा म्हणाला. "अवो म्याडम, ह्ये कसलं पोर्टल? एकाला आत घेतंय अन् एकाला उंबऱ्यावरनं हाकलतंय! उद्या लई बोंब हुईल बघा. लोक माझ्याच अंगावर येत्याल."

"अय्यो," राजशेखर सर हळूच म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

उदयसिंहचा चेहरा उतरला होता, पण अजून तो खुंटा सोडत नव्हता. "पण नियमानं बघितलं तर एका सभासदाचा एक..."

"उदयसिंह सर," फिरदोस म्हणाली. आता तिचा आवाज शांत होता. "तुमच्या घरी ऊस आहे ना? आई, वडील, चुलते, सगळ्यांची खाती असतील. तुमच्याकडच्या कारखान्यात त्यांचा मोबाइल नंबर कुणाचा दिलाय?"

उदयसिंहनं  खिशातला मोबाइल बाहेर काढला आणि तो त्याच्याकडंच बघत राहिला.

"माझा," तो म्हणाला. "पाचही जणांचा माझाच."

 आणि मग उदयसिंहला असं हसू फुटलं, की सांगता सोय नाही. माणूस हरल्यावर इतकं मोकळं हसतो, हे फिरदोसनं पहिल्यांदा बघितलं. "मोबाइल म्हणजे माणूस, असं धरून बसलो मी," तो म्हणाला. "आणि आमच्या घरात पाच माणसांत एक नंबर! चुकलं माझं. द्या अर्धा तास." तो उठून जागेकडं जवळजवळ पळतच गेला.

"मेसेजमध्ये माणसाचं नावही टाका," फिरदोसनं मागून सांगितलं. "नाहीतर ज्ञानबाकाकाला कळायचं कसं, कुठला आकडा कुणाचा?"

"टाकतो, टाकतो!"

अर्ध्या तासाची पस्तीस मिनिटं झाली. ओटीपी आता सभासद नंबराच्या नावानं ठेवला जात होता. मोबाइल एकट्याचा असो की दोनशे जणांत एक असो, ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्यापाशी. फिरदोसनं फेरी लावली, तीच खरी यादी, तेच पंधरा सेकंद. सगळं ऑफिस तिच्या खुर्चीमागं गोळा झालं. शंभर आत. तीनशे आत. सातशे आत. बाहेर राहिलेल्यांचा रकाना शून्यावर बसला होता, तो हलेचना. हजार आत. शून्य बाहेर!

कुणीतरी शिट्टी मारली. सर म्हणाले, "पाचला दोन कमी आहेत. अहवाल पाठवू?"

"नको," फिरदोस म्हणाली. "अजून एक फेरी. ज्ञानबाकाकाचे दोनशे बारा एकाच मिनिटात सोडते, आणि बाकीचे हजार त्याच्यावर."

"पाच वाजतील."

"वाजू द्या सर."

आणि गंमत बघा, सरांनी फोन उचलून कारखान्याला सांगितलं, की अहवाल वीस मिनिटं उशिरा येईल. उदयसिंह तर स्टूल ओढून तिच्या शेजारीच बसला आणि स्क्रीनकडं असा बघायला लागला, जणू शेवटच्या षटकात सहा धावा हव्यात. दोनशे बारा एका मिनिटात सुटले. दोनशे बारा आत. वर हजार आत. शून्य. शून्य. शून्य!

"हां," फिरदोस म्हणाली. "आता पाठवा."

एक तारखेला सकाळी पावणेआठलाच सगळे हजर. आठ वाजले, पोर्टल उघडलं, आणि भीमेकाठ त्याच्यावर तुटून पडला. आठ वाजून तीन मिनिटांनी चारशे. पाच मिनिटांनी नऊशे. आठ वाजून सात मिनिटांनी सरांचा फोन वाजला. कारखान्याचे शेतकी अधिकारी होते आणि एवढे ओरडत होते, की स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू जात होतं.

"अहो, इथं ऑफिसात लॉगिन होत नाहीये! पोर्टल बंद करा तासभर, गोंधळ वाढायच्या आत! उदयसिंहला द्या फोन!"

 उदयसिंह अर्धा उठला आणि तसाच खाली बसला. सरांनी फोनवर हात धरला, आणि त्यांनी उदयसिंहकडं बघितलंसुद्धा नाही. ते खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला बोलले. "फिरदोस, बंद करू?"

तिनं स्क्रीनवर नजर फिरवली. सगळी गावं बघितली, सगळे नंबर बघितले. दोनशे बारापैकी ज्ञानबाचे सदतीस जण आत पोचले होते. बाहेर कुणीच नव्हतं. मग ती ठणकावून बोलली.

"नाही. पोर्टल चालू आहे. त्यांच्या ऑफिसातलं नेट बघायला सांगा."

सरांनी फोनवरचा हात काढला. "साहेब, बंद करायचं नाही. आमच्या फिरदोसनं सांगितलंय."

"कोण फिरदोस?"

"आमच्याकडं ती म्हणेल तेव्हा चालू होतं आणि ती म्हणेल तेव्हाच बंद होतं," राजशेखर सर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला सगळ्यांनी ऐकला. "तुम्ही आधी नेट बघा."

दोन मिनिटांनी शेतकी अधिकाऱ्यांचा पुन्हा फोन आला. आवाज एकदम मऊ. कुणाचा तरी पाय लागून वायर निघाली होती, लावली, चालू झालं. जाता जाता त्यांनी त्या मॅडमचं पूर्ण नाव विचारून घेतलं, पुढच्या वेळी थेट त्यांच्याशीच बोलता यावं म्हणून. सरांनी ते सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. फिरदोसनं ते ऐकलं, ओढणीनं डोळे पुसले आणि आकडा वाचला. आठ वाजून बारा मिनिटं, अठराशे चाळीस आत.